४७ मिनिटांचा बँड : वॉशिंग्टनमधले तीन दिवस

१९९९ साली सांगलीच्या हॉस्टेलवर माझ्या रूम पार्टनरने मला ९० मिनिटांची एक कॅसेट दिली. वर निळ्या बॉलपेनने 'मायनर थ्रेट, सगळं' एवढंच लिहिलेलं. मुंबईच्या त्याच्या चुलतभावाने सीडीवरून भरून दिली होती. वॉशिंग्टनच्या या पंक बँडचं आयुष्यभराचं काम म्हणजे २६ गाणी, एकूण ४७ मिनिटं. आणि ९० च्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. त्यामुळे शेवटचं गाणं जेमतेम सुरू व्हायचं आणि प्लेअरचं बटण खटकन वर यायचं. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी तो बँड तिथपर्यंतच ऐकला.

२०२३ च्या सप्टेंबरात ताईकडे व्हर्जिनियात गेलो होतो. तिच्या घरी गौरी-गणपती असतात, त्यासाठीच रजा काढली होती. तिकीट काढताना तारखा पाहिल्या आणि लक्षात आलं की गौरी विसर्जन शनिवारी, २३ सप्टेंबर २०२३ ला येतंय. मायनर थ्रेटचा शेवटचा कार्यक्रम २३ सप्टेंबर १९८३ ला वॉशिंग्टनमध्येच झाला होता. बरोबर ४० वर्षं. मग एक दिवस अलीकडचा, एक पलीकडचा धरून तीन दिवस त्या पोरांच्या मागावर घालवायचं ठरवलं.

शुक्रवार, २२ सप्टेंबर

ताईने बजावलं होतं, "सहाच्या आत घरात. गौरी जेवायच्या आहेत." भाच्याला शाळा होती, म्हणून मी एकटाच निघालो. व्हिएन्ना स्टेशनवरून ऑरेंज लाइन, मेट्रो सेंटरला बदलून रेड लाइन आणि टेनलीटाउनला उतरलो. आभाळ भरून आलेलं, वारा सुटलेला. कॅरोलायनाच्या किनाऱ्याकडे वादळ येतंय, असं आदल्या रात्रीपासून टीव्हीवर चाललं होतं.

स्टेशनातून बाहेर पडलं की पाच मिनिटांवर एक मोठी सरकारी शाळा आहे, लाल विटांची. मायनर थ्रेटचा गायक इयन मॅकाय आणि ड्रमवाला जेफ नेल्सन इथे शिकले तेव्हा तिचं नाव वूड्रो विल्सन हायस्कूल होतं. विल्सन यांच्या कारकिर्दीत सरकारी नोकऱ्यांमध्ये वर्णभेद पक्का केला गेला, म्हणून नाव बदलायची मागणी झाली आणि २०२२ मध्ये शाळा 'जॅक्सन-रीड' झाली. एडना जॅक्सन या तिथल्या पहिल्या कृष्णवर्णीय शिक्षिका आणि व्हिन्सेंट रीड हे पहिले कृष्णवर्णीय मुख्याध्यापक. मला हा बदल फार आवडला. नाव शाळेतल्याच माणसांचं असावं.

मी फुटपाथवरूनच पाहिलं. शाळा चालू असताना आत जाऊ नये, फोटोही काढू नयेत. मधल्या सुट्टीत मुलं बाहेर आली, हातात पिझ्झाचे त्रिकोण. इयन १८ वर्षांचा होता बँड निघाला तेव्हा. बास वाजवणारा ब्रायन बेकर १५ वर्षांचा. आपल्याकडे दहावीत असतो तो मुलगा. गिटारवर लाइल प्रेस्लर. डिसेंबर १९८० मध्ये एका घराच्या तळघरात, पन्नासेक जणांसमोर त्यांनी पहिल्यांदा वाजवलं. त्याच रात्री तिथे बॅड ब्रेन्सही होते. बॅड ब्रेन्स म्हणजे याच शहरातले चार कृष्णवर्णीय वादक. पंक इतक्या वेगात आणि तरीही इतक्या सफाईने वाजवता येतं, हे या मुलांनी त्यांच्याकडे पाहून शिकलं. हार्डकोअर पंक, म्हणजे पंकचाच आणखी वेगवान प्रकार, म्हटलं की लोकांना नुसता आरडाओरडा वाटतो. पण ब्रायन आणि लाइलचे हात लक्ष देऊन ऐका. तबल्याच्या क्लासात लय दुप्पट-चौपट करताना बोल पुसट होऊ द्यायचा नाही, असं गुरुजी सांगतात, तसं ते वाजवणं आहे.

दुपारी गॅलरी प्लेस स्टेशनला उतरून मार्टिन ल्यूथर किंग ग्रंथालयात गेलो. काळ्या पोलादाची आणि काचेची, मीस व्हान डेर रोहने आखलेली इमारत, १९७२ मध्ये उघडलेली. चौथ्या मजल्यावर शहराचा दस्तऐवज विभाग आहे आणि त्यात २०१४ पासून चक्क पंकचा संग्रह जपलाय. शहराच्या सार्वजनिक वाचनालयाने पोरासोरांच्या बँडची हस्तपत्रकं आम्लरहित खोक्यांत ठेवावीत, हे पाहून मला भरून आलं. आमच्या हॉस्टेलच्या बँडचं एकही पत्रक आज कुणाकडे नाही.

तिथल्या बाईंनी मला हात धुऊन यायला सांगितलं, पेन बाजूला ठेवून पेन्सिल दिली आणि समोर एक फोल्डर उघडून ठेवलं. झेरॉक्सची हस्तपत्रकं, कात्रीने कापून चिकटवलेली अक्षरं, टाइपरायटरवर काढलेली छोटी मासिकं. सात इंची रेकॉर्डचं एक कव्हर मी बराच वेळ पाहत बसलो. कव्हर म्हणजे एक छापील कागद. तो कापायचा, दुमडायचा, कडांना गोंद लावायचा. मायनर थ्रेटच्या आधी इयन आणि जेफचा 'टीन आयडल्स' नावाचा बँड होता. तो मोडला तेव्हा कार्यक्रमांतून साठलेले सुमारे ६०० डॉलर त्यांच्याकडे होते. वाटून घेण्याऐवजी त्यांनी त्यातून स्वतःची रेकॉर्ड काढली आणि त्यासाठी 'डिस्कॉर्ड' ही कंपनी काढली. १,००० प्रती. कव्हरं घरी बसून स्वतः दुमडली, स्वतः चिकटवली. मायनर थ्रेटची पहिली रेकॉर्डही तशीच निघाली, १९८१ मध्ये. ८ गाणी, सव्वानऊ मिनिटांच्या आसपास.

"हे हाताने केलेलं ओळखायचं कसं?" मी बाईंना विचारलं.

"दोन प्रती शेजारी ठेवा," त्या म्हणाल्या. "घड्या कधीच सारख्या नसतात."

जाणार असाल तर आधी ईमेल करून वेळ ठरवा आणि काय पाहायचंय ते कळवा, म्हणजे खोकी काढून ठेवतात. प्रवेशाला पैसे नाहीत. गच्चीवर बाग आहे, तिथून शहर छान दिसतं. उन्हाळ्यात त्याच गच्चीवर पंकचे कार्यक्रमही होतात.

पावणेसहाला घरात पोचलो. गौरींना पुरणपोळी, सोळा भाज्या, आणि आमच्या आईच्या माहेरची पद्धत म्हणून घावन-घाटलं. मी सात घावन खाल्ले.

शनिवार, २३ सप्टेंबर

रात्रीपासून धो धो. त्या वादळाचं नाव ओफेलिया. सकाळी ते कॅरोलायनात जमिनीवर आलं आणि वॉशिंग्टनवर दिवसभर पाऊस. ताईचं म्हणणं, घरीच बसा. भाचा म्हणाला, "मामा, चाळीस वर्षं पुन्हा येणार नाहीत." दोघं निघालो.

भाच्याबद्दल सांगायला हवं. तो १७ वर्षांचा आहे, ड्रम्स वाजवतो, मंडळाच्या पथकात ताशाही वाजवतो. शाळेतल्या चार मित्रांचा बँड. त्यांचा गिटारवाला ऑगस्टमध्ये चार तास लांबच्या कॉलेजात गेला आणि तेव्हापासून बँड बंद आहे. हे मला ताईकडून कळलं होतं. तो स्वतः काही बोलत नव्हता.

कोलंबिया हाइट्सला उतरून पंधराव्या रस्त्यावर गेलो. तिथे एक जुनं चर्च आहे, ज्याला सगळे विल्सन सेंटर म्हणायचे. हार्डकोअरचे कितीतरी कार्यक्रम या इमारतीत झाले. आता तिथे शाळा भरते. शनिवार असल्याने दार बंद होतं. कमानीखाली पावसापासून आडोशाला उभे राहिलो तर तिथे आधीच एक आजी किराण्याच्या पिशव्या घेऊन थांबलेल्या. एल साल्वाडोरच्या. भाचा त्यांच्याशी शाळेतल्या स्पॅनिशमध्ये बोलला. इथे पूर्वी गाणी व्हायची, असं त्याने सांगितल्यावर त्यांनी मान हलवली आणि आम्हाला पिशवीतली एकेक केळ दिली. तिथेच उभं राहून मी त्याला १९८१ ची गोष्ट सांगितली.

पहिल्या दोन रेकॉर्ड ध्वनिमुद्रित करून झाल्या, नाव झालं, आणि लाइल कॉलेजसाठी इलिनॉयला नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गेला. बँड मोडला. जेमतेम वर्षभराचा होता तेव्हा.

"मग?"

"मग तो कॉलेज सोडून परत आला. १९८२ मध्ये पुन्हा सुरू झाला."

"कॉलेज सोडून?" त्याने विचारलं. "आईला सांगू नकोस हां हे."

दुपारचं जेवण यू स्ट्रीटजवळ, एका इथिओपियन खानावळीत. वॉशिंग्टनमध्ये इथिओपियन लोकवस्ती मोठी आहे आणि मराठी शाकाहारी माणसाला या शहरात यापेक्षा चांगलं जेवण मिळणार नाही, हे मी खात्रीने सांगतो. इंजेरा ही टेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची मोठी, जाळीदार पोळी. थेट आपली आंबोळी, फक्त मऊ आणि जास्त आंबट. त्यावर डाळी, कोबी-बटाटा, पालेभाजी आणि 'शिरो'. शिरो म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं तिखट, लाल पिठलं! एकाच ताटात सगळ्यांनी हाताने खायचं. मालकीणबाई साठीच्या. मी आदल्या दिवशीच्या घावनांचा फोटो दाखवला तर चष्मा लावून पाहिला आणि म्हणाल्या, "पीठ किती दिवस ठेवता?" घावनाला आंबवत नाहीत, हे त्यांना पटेना. शाकाहारी ताट मागायचं तर 'उपासाचं ताट' म्हणा, लगेच कळतं. त्यांच्यात बुधवारी आणि शुक्रवारी उपास असतो, त्या दिवशी मांस-दूध चालत नाही.

मग एफ स्ट्रीट, क्रमांक ९३०. जुन्या ९:३० क्लबची जागा. मे १९८० मध्ये तो इथे सुरू झाला, १९९६ मध्ये व्ही स्ट्रीटवर गेला. ॲटलांटिक बिल्डिंगचा दर्शनी भाग तेवढा तसाच ठेवलाय. कोपऱ्यावरच फोर्ड्स थिएटर, जिथे लिंकनला गोळी घातली. तिथे छत्र्यांची रांग होती. ९३० समोर आम्ही दोघंच.

मला ही जागा पाहायची होती ती हातावरच्या फुलीसाठी. दारू मिळते त्या क्लबात अल्पवयीन मुलांना घेत नसत, मग आपल्याच वयाच्या मुलांना आपला बँड दिसणार कसा? टीन आयडल्स १९८० च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाला गेले होते. तिथे सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबात लहान मुलांच्या हातावर काळी फुली काढून आत सोडायचे, म्हणजे बारवाल्याला कळावं, याला दारू द्यायची नाही. परतल्यावर त्यांनी इथल्या क्लबाला हीच युक्ती सुचवली. पुढे मायनर थ्रेटने 'स्ट्रेट एज' हे ४६ सेकंदांचं गाणं केलं. मी नशा करत नाही, मला शुद्धीत राहायचंय, एवढाच मजकूर. त्यातून जगभर एक पंथच उभा राहिला आणि ती फुली त्यांची खूण झाली. इयनने पुढे अनेकदा सांगितलं की मला कुठली चळवळ काढायची नव्हती, ते माझ्यापुरतं होतं. मी त्याचं म्हणणं खरं मानतो. हॉस्टेलवर रोज रात्री बाटल्या उघडायच्या तेव्हा त्या ४६ सेकंदांनी मला एकट्याला नाही म्हणायचं बळ दिलं होतं. माळकरी घरातला होतो तरी ते बळ मला घरून मिळालं नव्हतं, कारण घरच्यांनी कधी ओरडून सांगितलं नव्हतं.

साडेचारला सातव्या रस्त्यावर पोचलो. लॅन्सबर्ग. पूर्वी हे मोठं कापडचोपड-वस्तूंचं डिपार्टमेंट स्टोअर होतं, ते १९७३ मध्ये बंद पडलं. मग काही वर्षं रिकाम्या इमारतीत सांस्कृतिक केंद्र चालायचं. आता तिथे महाग फ्लॅट आहेत आणि शेक्सपिअरची नाटकं करणाऱ्या कंपनीचं थिएटर. या इमारतीत मायनर थ्रेट शेवटचं वाजले. सोबत टेक्ससचे बिग बॉइज आणि इथलाच ट्रबल फंक.

आम्ही छज्जाखाली उभे होतो. शेजारच्या दारावरचा सुरक्षारक्षक, केस पिकलेला, बराच वेळ आमच्याकडे पाहत होता. कुणाची वाट पाहताय, असं त्याने विचारलं. मी सांगितलं. मायनर थ्रेट हे नाव त्याने ऐकलं नव्हतं. पण ट्रबल फंक म्हटल्यावर त्याचा चेहराच बदलला.

"ट्रबल फंक! गाणं संपायचंच नाही त्यांचं. एक संपलं की ड्रम्स चालूच, त्यातूनच दुसरं. घामाने शर्ट पिळून काढायचो आम्ही." आणि त्याने दाराच्या पितळी दांडीवर बोटांनी तो ठेका वाजवून दाखवला.

याला गो-गो म्हणतात. वॉशिंग्टनचं स्वतःचं संगीत, २०२० पासून कायद्याने शहराचं अधिकृत संगीत. भाच्याने दोन-तीन आवर्तनं ऐकली आणि दाराच्या दुसऱ्या बाजूने उत्तर दिलं. ताशाचा हात होता तो. रक्षक हसला, वेग वाढवला. पाचेक मिनिटं पावसात त्या दोघांचं चाललं होतं, नाटकाला आलेली माणसं थांबून पाहत होती. हार्डकोअरच्या गोऱ्या पोरांनी आपल्या शेवटच्या रात्री गो-गोवाल्यांबरोबर एकाच मंचावर का उभं राहावं, याचा विचार मी पुस्तकं वाचून केला होता. दोघांचंही संगीत याच शहरात घडलेलं. त्या दांडीवरचा ठेका ऐकताना ते नुसतं कळण्यापलीकडे गेलं.

बँड मोडला तो भांडून नव्हे, निदान एका मोठ्या भांडणाने नव्हे. १९८३ च्या सुरुवातीला त्यांनी 'आउट ऑफ स्टेप' ही मोठी रेकॉर्ड केली. पांढऱ्या मेंढ्यांच्या कळपातून उडी मारून निघालेली काळी मेंढी, ते चित्र सिंथिया कॉनोलीचं. त्यानंतर पुढचं संगीत कसं असावं यावर एकमत होईना. शेवटच्या रात्री त्यांनी सर्वांत शेवटी एक नवं गाणं वाजवलं, ज्याला तेव्हा ते 'शेवटचं गाणं' म्हणत. बँड संपल्यावर डिसेंबरमध्ये स्टुडिओत जाऊन त्यांनी ते ध्वनिमुद्रित केलं. 'सॅलड डेज' या नावाने ते १९८५ मध्ये बाहेर आलं. माझ्या कॅसेटवर तुटायचं ते हेच.

भाच्याने एक इअरफोन मला दिला, एक स्वतः घातला. आधी बास, मग घंटांसारखा आवाज. इथपर्यंत मला पाठ. पुढे मी हे गाणं नंतर शंभरदा ऐकलंय, पण त्या जागी, त्या तारखेला, पावसात, खटका कधी पडतोय याची कानांनी वाट पाहिली. पडला नाही. पावणेतीन मिनिटं पूर्ण झाली.

घरी आरती झाल्यावर साडेआठला अंगणात टबमध्ये विसर्जन. भावोजींनी छत्री गणपतीवर धरली, आम्ही भिजलो.

रविवार, २४ सप्टेंबर

पाऊस रिमझिम उरला होता. आज आर्लिंग्टन, नदीच्या अलीकडे, ताईकडून गाडीने अर्धा तास. डॉन झिएन्टारा यांनी इथेच आपल्या घराच्या तळघरात इनर इअर स्टुडिओ सुरू केला आणि मायनर थ्रेटची पहिली रेकॉर्ड त्याच तळघरात झाली. पुढे स्टुडिओ मोठ्या जागेत गेला, ती जागा २०२१ मध्ये बंद झाली.

डिस्कॉर्डचं घरही आर्लिंग्टनमध्येच. १९८१ च्या ऑक्टोबरात या मुलांनी ते भाड्याने घेतलं. राहायचं वरच्या खोल्यांत, तालीम तळघरात, कव्हरं दुमडायची बाहेरच्या खोलीत. त्याच्या पायऱ्यांवर बसलेल्या चौघांचा ग्लेन फ्रीडमनने काढलेला फोटो 'सॅलड डेज'च्या कव्हरवर आहे. घर सापडणं अवघड नाही, पण मी पत्ता लिहीत नाही. शेजारपाजारच्या लोकांची रोजची वस्ती आहे ती. जाल तर पलीकडच्या फुटपाथवरून पाहा, दार वाजवू नका, पायऱ्यांवर बसून फोटो तर नकोच. आम्ही दोन मिनिटं थांबलो. साधं लाकडी घर, पुढे ओसरी, ओले पायदान, एक कुंडी. भाचा गाडीत बसल्यावर म्हणाला, "आपल्या बेसमेंटपेक्षा लहान असेल यांचं."

मग बराच वेळ गप्प होता. घर जवळ आल्यावर म्हणाला, "आमची सहा गाणी रेकॉर्ड केलेली आहेत, मामा. मे महिन्यात केली होती. अकरा मिनिटं होतात."

"मग काय केलंत त्यांचं?"

"फोनमध्ये आहेत."

गिटारवाला मित्र त्या वीकेंडला घरी आला होता, रात्री आठच्या बसने परत जाणार होता. भाच्याने गाडीतूनच तिघांना मेसेज केला. चार वाजता चौघं ताईच्या जेवणाच्या टेबलाभोवती. रिकाम्या कॅसेट मागवायच्या ठरल्या, ४० नग, एका बाजूला पंधरा मिनिटांच्या. अकरा मिनिटांना दहाची चालणार नाही, एवढंच मी मध्ये बोललो. कव्हर ड्रमवाल्याने, म्हणजे भाच्यानेच, पेनने काढलं. दारातल्या ओल्या चपलांचं चित्र. भावोजींच्या प्रिंटरवर छापलं. गोंद घरात नव्हता, तेव्हा ताईने कणकेची खळ शिजवून दिली. चौघांतला एक कोरियन, एक बोलिव्हियाचा. खळ हा प्रकार त्यांनी पहिल्यांदा पाहिला. एकाने चाखूनही पाहिली.

पहिली पाच कव्हरं वाकडी झाली. नंतर हात बसला. एक कापतोय, एक पट्टीने घडी घालतोय, एक खळ लावतोय, एक ताईच्या पोळपाटाखाली दाबून ठेवतोय. मधूनच ती फोनमधली गाणी लावली, ताईने स्वयंपाकघरातून आवाज कमी करायला सांगितला, मग पुन्हा मोठा केला. सात वाजता कागद संपला. ३७ झाली होती. उरलेली तीन गिटारवाला कॉलेजात करून पाठवणार, म्हणून एक छापील नमुना आणि डबीत थोडी खळ त्याने बरोबर घेतली. ती फार टिकत नाही, उद्याच वापर, असं ताईने त्याला दोनदा सांगितलं.